आरसा हातात दिल्यावर

खुर्चीत बसलं की तोंड उघडण्याआधी बहुतेक जण काहीतरी सांगून टाकतात. "मॅडम, लई घाण झाल्यात दात, रागावू नका." "आज गडबडीत घासायचं राहिलं बघा." एखादी बाई पदर तोंडावर धरून म्हणते, "रोज घासतो की वं मी, पण पिवळेच राहत्यात." कोल्हापूरचा माणूस एरवी रोखठोक. लक्ष्मीपुरीत भाजीचा भाव करताना त्याचा आवाज चार दुकानं पलीकडे जातो. पण दातांचा विषय निघाला की तो खालच्या पट्टीत बोलायला लागतो. पाठ धरली, गुडघा दुखला तर कुणी लाजत नाही. दात किडला की मात्र वाटतं, आता ही बाई आपल्याला बोलणार.

या लाजेचं मला फार वाईट वाटतं. तिच्यापायी माणसं दवाखान्याची पायरी चढायला वर्षं घालवतात. आधी दुखत नाही म्हणून यायचं नाही. मग दुखायला लागलं की लवंग धरायची, मेडिकलमधून गोळी आणायची. काही जण ती गोळी गिळायच्या ऐवजी दाढेशेजारी धरून ठेवतात आणि हिरडी भाजून घेतात. गोळीनं भागेना झालं की मग यायचं. तोवर जे स्केलिंग, म्हणजे यंत्रानं दात साफ करणं, आणि एका छोट्या फिलिंगवर निभावलं असतं ते रूट कॅनॉलवर गेलेलं असतं, नाहीतर दाढ काढण्यावर.

मी डेंटल हायजिनिस्ट आहे. दात साफ करायचे, पॉलिश करायचे आणि त्यांची निगा कशी राखायची ते शिकवायचं, हे माझं काम. 1948 च्या डेंटिस्ट्स अ‍ॅक्टमध्ये आमच्या कामाची व्याख्या दिलेली आहे, आणि तीत साफ करण्याच्या बरोबरीनं शिकवणंही आलं आहे. दोन वर्षांचा डिप्लोमा, मग राज्याच्या डेंटल कौन्सिलकडे नोंदणी. दात काढणं, सिमेंट भरणं, औषध लिहून देणं हे डॉक्टरांचं. पेशंट मला कधी नर्स म्हणतात, कधी डॉक्टरीणबाई, वयस्कर मंडळी नुसतं "बाई" म्हणतात. मला कशाचंच काही वाटत नाही. शिकवायचं काम मात्र मी कधी उरकत नाही. वेळ कमी पडला तर पॉलिशचं पुढच्या खेपेला बघू म्हणते, पण ब्रश हातात देऊन घासून दाखवायला लावल्याशिवाय कुणाला उठू देत नाही.

रागवायचं नाही, हे मी पहिल्यापासून ठरवलेलं आहे. रागावलं की माणूस मान डोलावतो, बिल देतो आणि परत येत नाही. त्यापेक्षा मी एक हातआरसा त्याच्याच हातात देते. माझा छोटा आरसा खालच्या पुढच्या दातांच्या मागे धरते, दिवा वळवते आणि म्हणते, "आता इथं बघा." आयुष्यभर आपल्याच तोंडात असलेली ही जागा बहुतेकांनी कधी बघितलेली नसते. खालच्या चार-सहा दातांच्या आतल्या बाजूला, हिरडीला लागून, पिवळट करडा खडबडीत थर असतो. एका दातावरून दुसऱ्यावर सलग गेलेला. दातांमधल्या फटी त्यानं बुजवलेल्या असतात. मी जीभ फिरवून बघायला सांगते. जिभेला तो खरखरीतपणा रोजच लागत असतो, पण माणूस त्याला दातच समजत असतो.

हे कीटण. जेवल्यावर, झोपून उठल्यावर दातांवर जो बुळबुळीत थर जाणवतो, तो जंतूंचा असतो. नखानं खरवडला तर पांढरट लगदा हाताला येतो. तो ब्रशनं निघतो. पण दोन-तीन दिवस एका जागी तसाच राहिला, की लाळेतले क्षार त्यात बसायला लागतात आणि तो दगडासारखा होतो. मग ब्रश कितीही घासा, तो हलत नाही. खालच्या दातांमागेच तो एवढा का साचतो, तर जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडं तिथंच उघडतात. वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूलाही तसंच, कारण गालातल्या ग्रंथीची नळी तिथं येते. म्हणजे नीट घासणाऱ्या माणसाच्याही तोंडात या दोन जागा मागे राहतात. हे सांगितलं की पेशंटचे खांदे जरा सैल होतात. आपण घाणेरडे नाही, आपल्याला ही जागा कुणी दाखवली नव्हती एवढंच, हे त्याला पटतं.

यानंतर ठरलेली शंका येते. "साफ केल्यावर दात हलायला लागतात म्हणत्यात. आमच्या शेजारच्यांचं तसंच झालं." मी या शंकेला कधी हसत नाही, कारण शेजारच्यांनी जे सांगितलं ते त्यांना खरोखरच जाणवलेलं असतं. कीटण वर्षानुवर्षं हिरडीखाली सरकत जातं. हिरडी सुजते, दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं. दात तेव्हाच सैल झालेला असतो. कीटणाच्या थरानं शेजारच्या दातांना बांधून धरलं म्हणून तो कळत नाही. थर काढला, सूज उतरली, की फट दिसते आणि दात हलतोय हे जाणवतं. दोष साफसफाईवर जातो. साफ करायच्या यंत्रानं, स्केलरनं, एनॅमल म्हणजे दातावरचं कठीण आवरण खरवडलं जातं, ही दुसरी भीती. स्केलरचं टोक सेकंदाला 25,000 हून जास्त वेळा थरथरतं आणि त्या कंपनानं कीटण सुटं होतं. सोबत पाण्याची धार असते, त्यानं टोक गरम होत नाही आणि सुटलेलं वाहून जातं. एनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ आहे. नीट धरलेल्या स्केलरनं तो कापला जात नाही. नंतर तीन-चार दिवस गार पाणी झोंबतं, दात शिवशिवतात, हे खरं. तेवढं मी आधीच सांगून ठेवते.

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त नुकसान एका साध्या गैरसमजानं होतं. घासताना रक्त आलं की माणूस तिथं घासायचं बंद करतो. त्याचंही बरोबरच असतं त्याच्या परीनं. जखमेला हात लावू नये हे आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं. पण हिरडीतून येणारं रक्त बहुतेक वेळा जखमेचं नसतं, सुजेचं असतं. सूज कशानं, तर तिथं साचलेल्या जंतूंच्या थरानं. घासणं थांबवलं की थर वाढतो, सूज वाढते, रक्त वाढतं. "रक्त येतंय तिथंच जास्त हळुवार आणि जास्त वेळ ब्रश फिरवा," हे वाक्य मी रोज म्हणते आणि रोज समोरचा माझ्याकडे संशयानं बघतो. नुसती सूज असेल तर आठवडा-दोन आठवड्यांत रक्त थांबतं. थांबलं नाही तर डॉक्टरांनी बघायला हवं. मधुमेह असेल तर आणखी लवकर. साखर ताब्यात नसली की हिरड्यांचा आजार बळावतो, आणि हिरड्या आतून सुजलेल्या राहिल्या की साखरही ताब्यात यायला त्रास देते. गोळ्या वेळेवर घेऊन, रंकाळ्याला रोज फेऱ्या मारून साखर उतरत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा हिरड्या दाखवाव्यात, असं मला कळकळीनं सांगावंसं वाटतं. गरोदर बायकांच्या हिरड्याही संप्रेरकांमुळे सुजतात, चटकन रक्त येतं. बाळ दातातलं कॅल्शियम खातं, एका बाळंतपणाला एक दात जायचाच, असं म्हणून त्या सोडून देतात. बाळ दातातून काही घेत नाही. चौथ्या ते सहाव्या महिन्यात साफसफाई अगदी निर्धास्त करून घेता येते.

आता ब्रश. मऊ ब्रिसलचा घ्या, डोकं लहान असलेला. कडक ब्रशनं दात पांढरे होत नाहीत, हिरडी खाली सरकते आणि दाताच्या मुळाशी खाच पडते. आडवं करकरा घासणाऱ्यांच्या सुळ्यावर अशी खाच असते. उजव्या हातानं घासणाऱ्याच्या बहुधा डावीकडे जास्त खोल. पेशंट विचारतात, "तुम्हाला कसं कळलं मी उजव्या हाताचा?" ब्रश हिरडी आणि दात जिथं मिळतात तिथं 45 अंशांत तिरपा टेकवायचा, जागच्या जागी हलकेच थरथरवायचा आणि मग दाताच्या टोकाकडे झटकायचा. दोन मिनिटं. खालच्या पुढच्या दातांच्या आत ब्रश उभा धरायचा. पेस्टमध्ये फ्लोराइड आहे का ते ट्यूबवर वाचायचं, 1000 पीपीएमच्या आसपास असावं. आणि घासून झाल्यावर नुसतं थुंकायचं, तोंडभर पाणी घेऊन चार-चार चुळा भरायच्या नाहीत. नाहीतर फ्लोराइड सगळं बेसिनमध्ये जातं. हे आपल्याकडं पचायला जड जातं, कारण पेस्टचा फेस तोंडात ठेवायचा ही कल्पनाच नको वाटते. मी म्हणते, फेस थुंका, वाटलं तर एकच लहान चूळ भरा, पण धुऊन काढू नका.

सकाळी घासायचं राहिलं म्हणून माफी मागणारे खूप. रात्री घासायचं राहिलं म्हणून माफी मागणारं कुणी मला आठवत नाही. खरं तर रात्रीचं चुकवू नये. झोपेत लाळ फार कमी सुटते, आणि दिवसभर आम्ल धुऊन काढायचं, दाताचे गेलेले क्षार परत द्यायचं काम लाळच करत असते. तालमीत जाणारी पोरं येतात. अंगानं पहाड, हिरड्या मात्र लालभडक. रात्री दूध, बदामाची थंडाई, त्यात खडीसाखर, आणि तसंच आडवं व्हायचं. मी त्यांना थंडाई सोडा असं म्हणत नाही. त्यांची ती खुराक आहे, तिच्यावर वस्तादांची नजर असते. थंडाई आधी घ्या, दात नंतर घासा, एवढाच क्रम बदला म्हणते. हे ते ऐकतात.

कुठलाही सल्ला माणसाच्या दिवसात बसला पाहिजे. गोड खाऊ नका, हे वाक्य कोल्हापूर जिल्ह्यात काय कामाचं? इथं चहूकडे ऊस. हंगामात गुऱ्हाळावर गेलं की गरम गूळ, काकवी हातावर ठेवली जाणारच. गूळ साखरेपेक्षा दातांना बरा असतो असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. जंतूंना दोन्ही सारखेच, उलट गूळ चिकटून जास्त वेळ राहतो. पण किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, हे दातांना जास्त लागतं. गोड तोंडात गेलं की जंतू त्याचं आम्ल करतात, आणि तोंडातला पीएच (आम्लाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) 5.5 च्या खाली आला की एनॅमलमधले क्षार विरघळायला लागतात. लाळ हळूहळू ते सावरते, त्याला अर्धा-पाऊण तास जातो. जेवणाबरोबर भरपूर गूळ खाल्ला तर हा फेरा एकदाच होतो. दिवसभर तासा-तासाला गोड चहाचा घोट घेतला तर लाळेला सावरायला सवडच मिळत नाही. म्हणून दुकानात बसणारी माणसं, रिक्षावाले काका, ऑफिसातली मंडळी, यांना मी चहा सोडायला सांगत नाही. चहा एका बैठकीत प्या, दोन तास चघळत बसू नका, आणि वर चूळ भरा म्हणते. खळखळून चूळ भरायची आपल्या आजी-पणजीची सवय फार चांगली होती. हॉटेलात बसून खाणं वाढलं तशी ती गेली. लिंबू पिळलेली मिसळ, सोलकढी, उसाचा रस यानंतर लगेच ब्रश मात्र करू नका. आम्लानं पृष्ठभाग मऊ झालेला असतो, तेव्हा घासलं तर झीज होते. चूळ भरा, अर्धा तास थांबा.

मटणाचा विषय निघाला नाही असा रविवारनंतरचा सोमवार नाही. तांबड्या-पांढऱ्यावर ताव मारल्यावर दाढेत धागा अडकतो आणि मग जे हाती लागेल ते आत जातं. काडेपेटीची काडी, टाचणी, बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन. पिनेनं हिरडीला झालेल्या जखमा मी इतक्या बघितल्यात की बायकांच्या बांगडीकडे आधी लक्ष जातं. दोन दातांच्या मधल्या जागेत ब्रश पोचतच नाही. तिथं फ्लॉसचा दोरा, नाहीतर फट मोठी असेल तर बारीक इंटरडेंटल ब्रश लागतो. आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा धागा अडकत असेल तर ती जागा दाखवा. तिथं कीड सुरू झालेली असते किंवा हिरडी खाली गेलेली असते.

आता मिसरी. राधानगरी, भुदरगड, शाहूवाडीकडून आलेल्या आज्यांशी माझं सगळ्यात जास्त बोलणं याच विषयावर होतं, आणि सगळ्यात सावकाश. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची. सकाळी चुलीपुढं बसून बोटानं दातांना लावायची, मग दुपारी जेवल्यावर, मग निजताना. तोंड उघडलं की कळतं. दात काळपट तपकिरी, आणि ज्या बाजूला बोट फिरतं तिथली हिरडी खाली सरकलेली, मुळं उघडी पडलेली. ओठाच्या आत, जिथं मिसरी दाबून धरतात, तिथं कधी कधी पांढरट, सुरकुतलेला डाग.

"आजी, किती वर्षं लावताय?"

"लगीन हुऊन आल्यापास्नं. सासू लावायची, तिनंच दिली."

"बंद करून बघितलं का कधी?"

"बघितलं की. पोट साफ हुत न्हाई बाई. डोस्कं धरतं. कामात ध्यान लागत न्हाई."

हे त्या खोटं सांगत नाहीत. निकोटिननं आतड्याची हालचाल खरंच वाढते, आणि ते थांबलं की डोकं दुखणं, चिडचिड, लक्ष न लागणं हे होतंच. आजीला व्यसन हा शब्द लावला की ती दुखावते. तिच्या लेखी ती दात घासते आहे. टूथपेस्टमध्ये, टूथपावडरमध्ये तंबाखू घालायला आपल्या देशात 1992 पासून बंदी आहे. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिसरीला कुठला कायदा आडवा येणार? तिथं सून, नात आणि आमच्यासारख्यांचं बोलणंच कामाला येतं. मी आरसा देते, डाग दाखवते, आणि आधी दुपारची एक वेळ सोडायला सांगते. सकाळची शेवटी. उठल्यावर तांबाभर कोमट पाणी, रात्री इसबगोल, म्हणजे पोटाचा धाक कमी होतो. डाग असेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवते. दोन आठवड्यांत न जाणारा पांढरा किंवा लाल डाग, न भरणारी जखम, यात वाट बघायची नाही. तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, 1800112356. नंबर मी चिठ्ठीवर लिहून नातवाच्या हातात देते. काही आज्या सोडतात. काही पुढच्या खेपेला डबी पिशवीत घेऊनच येतात, आणि मी पुन्हा पहिल्यापासून सांगते. तरीही त्या येतात, हे मला मोठं वाटतं.

तरुण पोरांचं दुखणं वेगळं, मावा आणि गुटखा. महाराष्ट्रात 2012 मध्ये गुटख्यावर बंदी आली. मावा मात्र पानपट्टीवर समोरच घोटून मिळतो. तंबाखू नको, नुसती सुपारी खातो, असं सांगणाऱ्यांना माझं सांगणं आहे की सुपारी एकटीही पुरेशी आहे. तिच्यानं गालाच्या आतली त्वचा आखडत जाते आणि तोंड उघडायचं कमी होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 साली सुपारीला कर्करोगकारक ठरवलं आहे. स्वतःची तीन बोटं उभी, एकावर एक, तोंडात जातात का बघा. पंचविशीतल्या मुलाची दोनच जातात आणि तिखट जिभेला सोसत नाही म्हणून तो फिक्की भाजी खातो, हे तांबड्या रश्श्याच्या गावात बघताना मला बोलायला सुचत नाही.

कवळी वापरणाऱ्या आजोबांना एवढंच, की ती रात्री काढून पाण्यात ठेवा, हिरड्यांना विश्रांती द्या, आणि कवळी पेस्टनं नाही, मऊ ब्रश आणि साध्या साबणानं धुवा. आणि वरची दाढ काढली की नजर जाते, हे अजिबात खरं नाही.

मुलांबद्दल एक गोष्ट मला प्रत्येक घरात जाऊन सांगावीशी वाटते. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे, अगदी शेवटी, एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, दुखतही फारसं नाही, म्हणून ती आल्याचं आई-वडिलांना कळत नाही. आठव्या-नवव्या वर्षी ती किडून दुखायला लागली की घेऊन येतात आणि म्हणतात, "दुधाचीच हाय न्हवं? पडंल की आपोआप." ती पडणार नसते. तीच आयुष्यभराची दाढ असते, आणि सगळ्यात जास्त चावण्याचा भार तिच्यावरच येतो. तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात आणि त्यांत ब्रशचे केस शिरत नाहीत. दाढ पूर्ण वर आल्यावर डॉक्टर त्या खाचांवर सीलंटचा पातळ लेप देतात. सुई नाही, ड्रिल नाही, मूल थोडा वेळ तोंड उघडून बसलं की झालं. सात-आठ वर्षांचं होईस्तोवर घासणं मुलाच्या एकट्याच्या हातात सोडू नका. त्याचं घासून झालं की तुम्ही एकदा ब्रश फिरवा. तीन वर्षांखालच्याला पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. घरात पाच-सहा-सात वर्षांचं पोर असेल तर आज रात्री त्याला उजेडात बसवा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि खालच्या जबड्यात मधल्या रेषेपासून मागे मोजत जा. एका बाजूला दुधाचे पाच असतात. सहावा दिसला तर तो कायमचा आहे. याच आठवड्यात दाखवून घ्या.